मजुरीचा दर कोण ठरवतं?

सुगी सरली की गावात हातांना काम उरत नाही. काढणी झालेली, मळणी उरकलेली, पुढच्या पेरणीला अजून अवकाश. रोजानं जायला पाचजण तयार असतात आणि बोलावणं एखाद्यालाच येतं. अर्थशास्त्राचं पहिल्या वर्षाचं पाठ्यपुस्तक सांगतं, की अशा वेळी मजुरी उतरायला हवी. पाचांतला एखादा कमी दरात यायला तयार होईल, दुसरा त्याहून कमी सांगेल आणि दर खाली येत येत सगळ्यांनाच थोडंथोडं काम मिळेल. लासलगावला आवक वाढली की कांद्याचा भाव असाच कोसळतो. मजुरी मात्र कोसळत नाही. गेल्या हंगामात जो दर पडला तोच चालू राहतो आणि माणसं घरी बसतात.

असं का होतं? विकसनशील देशांतल्या श्रमबाजाराचा सगळा अभ्यास या ना त्या वाटेनं या प्रश्नाशी येतो. गेल्या सत्तर वर्षांत त्याला निरनिराळी उत्तरं मिळाली, काही टिकली, काही मागे पडली. ती उत्तरं शोधणाऱ्यांची आणि त्यांच्या कामाची मराठी वाचकाला ओळख व्हावी, म्हणून हे पुस्तक.

सुरुवात आर्थर लुईस यांच्यापासून करणं भाग आहे, आणि ते फक्त कालक्रमासाठी नाही. १९१५ साली कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया या छोट्या बेटावर जन्मलेल्या या कृष्णवर्णीय मुलाला इंजिनिअर व्हायचं होतं. पण सरकार किंवा गोऱ्यांच्या कंपन्या काळ्या इंजिनिअरला नोकरी देत नाहीत हे उघड होतं, म्हणून त्यांनी तो विचार सोडला. चौदाव्या वर्षी शाळा संपवून ते सरकारी कचेरीत कारकून झाले, मग शिष्यवृत्ती मिळवून १९३३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. श्रमबाजार माणसाला कसा अडवतो, हे त्यांनी पुस्तकातून शिकण्याआधी अनुभवलं होतं. वेस्ट इंडिजमध्ये १९३०च्या दशकात ऊसमळ्यांवरच्या आणि बंदरांवरच्या कामगारांचे उठाव झाले, तेव्हा त्यांवर त्यांनी १९३९ मध्ये पुस्तिका लिहिली. पुढे ते मँचेस्टरला प्राध्यापक झाले आणि तिथूनच १९५४ मध्ये त्यांचा ‘अमर्याद श्रमपुरवठ्या’वरचा लेख प्रसिद्ध झाला. १९७९ चं नोबेल त्यांना या वाटेवरच्या कामासाठी मिळालं.

लेखातला विचार सांगायला सोपा आहे. गरीब देशात दोन अर्थव्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. एक निर्वाहाची : घरची शेती, फेरीवाले, हमाल, घरगडी, बंदरावर बोलावण्याची वाट पाहणारे. इथं जितकं काम आहे त्याहून माणसं जास्त आहेत आणि असेल ते सगळ्यांत वाटून खाल्लं जातं. दुसरी भांडवली : कारखाने, खाणी, मळे. निर्वाहाच्या बाजूला माणूस जेवढं कमावतो त्याहून थोडं जास्त दिलं, की कारखान्याला हवे तेवढे हात मिळतात. मजुरी तेवढीच राहते, नफा वाढतो, नफ्यातून नवे कारखाने उभे राहतात आणि एक दिवस गावाकडचे जादा हात संपतात. मग मजुरी चढू लागते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार-पाच टक्के बचत करणारा देश बारा-पंधरा टक्क्यांवर कसा जातो, हे लुईसना समजून घ्यायचं होतं.

या लेखातला एक मुद्दा वर्गात सहसा शिकवला जात नाही, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. कारखान्याची किंवा मळ्याची मजुरी जर शेतकऱ्याच्या कमाईवर अवलंबून असेल, तर शेतकऱ्याची शेती सुधारू नये यात मळेवाल्याचा थेट फायदा आहे. नवं बियाणं, नवं तंत्र शेतकऱ्यापर्यंत पोहोचलं, तर मजूर महाग होईल. मजुरी कारखान्याच्या फाटकात ठरत नाही, ती शेतकऱ्याच्या बांधावर ठरते, हे लुईसनी इतक्या स्पष्टपणे मांडलं होतं.

मुंबईच्या गिरण्या डोळ्यांसमोर आणल्या की हे आपल्याला चटकन पटतं. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला गिरणी कामगार गावची जमीन सोडत नव्हता. बायको-मुलं गावी, तो गाळ्यात. मॉरिस डी. मॉरिस यांनी १९६५ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास लिहिला. खेड्यातला माणूस गिरणीत टिकत नाही म्हणून कामगारांची टंचाई होती, हा जुना समज त्यांनी खोडून काढला. राजनारायण चंदावरकर यांनी पुढे आणखी एक गोष्ट दाखवली. गावाशी असलेला धागा हा मागासलेपणाचा अवशेष नव्हता, तो कामगाराचा आधार होता. संप लांबला तर परतायला घर होतं. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि त्यातले किती तरी गावच्या भाकरीवर तगले. लुईसचा बांध आणि गिरणीचं फाटक यांच्यामधला रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता होता, हे आपल्या इतिहासाचं या शास्त्राला दिलेलं योगदान आहे.

लुईसवर मोठा हल्ला शिकागोहून आला. थिओडोर शुल्ट्झ यांना १९७९ मध्ये, लुईस यांच्याबरोबरच नोबेल मिळालं, पण दोघांची मतं विरुद्ध होती. शुल्ट्झ यांच्या मते गरीब शेतकरी गरीब असला तरी हिशेबी असतो. त्याच्या शेतात फुकट जाणारे हात नसतात. पुरावा म्हणून त्यांनी १९१८-१९ ची इन्फ्लुएन्झाची साथ घेतली. भारतात या साथीनं शेतावरचे सुमारे ८ टक्के हात गेले असावेत, असा त्यांचा अंदाज. माणसं खरोखर जादा असती तर पेरणीवर परिणाम व्हायला नको होता. पण पेऱ्याखालचं क्षेत्र घटलं. म्हणजे जादा हात नव्हतेच. या साथीनं मुंबई इलाख्याला फार मोठा तडाखा दिला होता, त्यामुळे आपल्याच पणजोबांच्या पिढीचे मृत्यू इथं एका सिद्धान्ताची कसोटी म्हणून वापरले गेले आहेत, ही जाणीव हा युक्तिवाद वाचताना सुटत नाही.

अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये या युक्तिवादातली फट दाखवली. साथ प्रत्येक घरातला एकेक माणूस मोजून नेत नाही. एका घरातले सगळे कर्ते जातात, शेजारचं घर सुखरूप राहतं. पहिल्या घराचं शेत पडीक पडतं, दुसऱ्या घरातले रिकामे हात तिथं आपोआप जात नाहीत. एकूण आकडा घरांमधली ही विषमता लपवतो. वाद तेव्हा मिटला नाही. पण यापुढे देशाच्या सरासरीवरून गावाबद्दल बोलणं अवघड झालं, आणि अभ्यासकांना गावात जावं लागलं.

शहराकडेही तेच घडलं. १९७० मध्ये जॉन हॅरिस आणि मायकेल टोडारो यांनी पूर्व आफ्रिकेच्या अनुभवावरून दाखवलं, की शहरात नोकऱ्या निर्माण केल्या तर शहरी बेकारी वाढूही शकते, कारण एका चांगल्या नोकरीच्या आशेनं गावाकडून अनेकजण येतात. मांडणी देखणी होती, पण तिच्यातला बेकार माणूस रिकामा बसून नोकरीची वाट पाहत होता. घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये, स्थलांतरितांच्या वस्तीत राहिलेले मानववंशशास्त्रज्ञ कीथ हार्ट यांना असा माणूस दिसलाच नाही. तिथं प्रत्येकजण काही ना काही करत होता, बहुतेक जण एकाच वेळी दोन-तीन गोष्टी. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनिया अहवालानं ‘अनौपचारिक क्षेत्र’ ही कल्पना जगभर नेली. त्या अहवालाचं मर्म असं, की गरीब देशाचा मुख्य प्रश्न बेकारीचा नाही. दिवसभर राबूनही पोट न भरणाऱ्या कामाचा आहे.

भारतात हे आधीच कळलेलं होतं. मुंबई विद्यापीठाचे प्रा. म. ल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं १९७० मध्ये अहवाल दिला, की इतक्या तऱ्हेच्या कामाच्या देशात बेकारीचा एकच एक आकडा काढणं दिशाभूल करणारं आहे. १९७२-७३ पासून राष्ट्रीय नमुना पाहणी माणसाचं वर्ष, आठवडा आणि दिवस वेगवेगळे तपासू लागली. त्याच सुमारास पुण्याच्या गोखले संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचं भारतातल्या दारिद्र्यावरचं काम आलं. दारिद्र्य हटवायचं तर जमिनीचं वाटप पुरणार नाही, काम द्यावं लागेल, हा त्यांचा आग्रह होता. तिकडे वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात केलेला प्रयोग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरला, आणि १९७७ च्या कायद्यानं रोजगार हमी महाराष्ट्रात हक्क झाली. मागेल त्याला काम देणारा तो कायदा हा श्रमबाजाराच्या अभ्यासातला जगातला एक मोठा प्रयोग ठरला. खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या बायकांनी मजुरीच्या बाजारात एक दुसरा दर आणून ठेवला.

आता ज्या टप्प्यावर हे शास्त्र मला सर्वांत जिवंत वाटतं, तिथं थोडं थांबते. १९७५ मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेनं सहा गावं निवडली. त्यातली चार महाराष्ट्रातली : सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावातून चाळीस घरं : दहा भूमिहीन, दहा लहान, दहा मध्यम, दहा मोठे शेतकरी. गावाची भाषा बोलणारा, स्वतः खेड्यातून आलेला तरुण अन्वेषक त्या गावातच मुक्कामाला राहायचा. दर तीन-चार आठवड्यांनी तो त्याच घरात जाऊन तेच विचारायचा : मागच्या भेटीनंतर घरातलं कोण, कुठं, कशाच्या कामाला गेलं, किती दिवस, रोख मिळाले की धान्य, काम शोधूनही न मिळालेले दिवस किती. ही चौकशी वर्षानुवर्षं चालू राहिली. खुरपणीला गेलेल्या बाईची हजेरी, सालगड्याचा पाडव्याला ठरलेला करार, दुकानदाराकडची उधारी, सगळं त्या वह्यांत उतरलं.

या वह्यांमधून जे निघालं त्यानं पाठ्यपुस्तकं बदलली. रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की एखाद्या घराचं उत्पन्न बुडालं तरी त्या घराचं खाणंपिणं त्या प्रमाणात कोसळत नाही. गाव अंशतः एकमेकांचा विमा उतरवतं. पूर्ण नाही, आणि भूमिहीनांच्या बाबतीत तर कमीच. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी लेकींच्या लग्नांकडे पाहिलं. दूरच्या गावी, जिथं पाऊस वेगळा पडतो अशा ठिकाणी सोयरीक करणाऱ्या घरांचा खर्च दुष्काळातही त्यामानानं स्थिर राहतो. लांबचा व्याही अडचणीत कामाला येतो, हे कुठलीही आजी सांगेल. पण विमा नसलेल्या, बँक नसलेल्या गावात लग्न हे श्रमबाजाराशी आणि पावसाशी बांधलेलं असतं, हे मोजून दाखवणं वेगळी गोष्ट आहे. तसंच, गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हेलियन यांनी शिरापूर-कंझऱ्याच्या नोंदींवरून तपासलं, की रोजगार हमीवर जाणाऱ्या माणसानं त्यासाठी दुसरीकडची किती कमाई सोडली. मिळालेल्या मजुरीच्या मानानं ती बरीच कमी निघाली. म्हणजे तो हात खरोखर रिकामा होता. १९८८ मध्ये हमीच्या कामावरची मजुरी एकदम वाढवली गेली, तेव्हा मात्र काम मागणाऱ्या सर्वांना ते मिळेनासं झालं, असंही याच अभ्यासकांच्या कामातून दिसलं. चांगली मजुरी आणि पक्की हमी या दोन्ही गोष्टी सरकारच्या एकाच तिजोरीतून निघतात; हा ताण पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्यातही तसाच उतरला.

संस्थांकडे, म्हणजे कर्ज, जमीन, जात आणि मध्यस्थ यांच्याकडे पाहणारी परंपरा याच काळात फुलली. प्रणब बर्धन आणि अशोक रुद्र यांनी बंगालच्या गावांमधले करार तपासले. जमीन देणारा, कर्ज देणारा आणि काम देणारा माणूस अनेकदा एकच असतो; मग मजुरीचा दर वेगळा काढून दाखवताच येत नाही, तो कर्जाच्या व्याजात मिसळलेला असतो. यान ब्रेमन यांनी अनेक दशकं दक्षिण गुजरातमधल्या मजुरांचा माग काढला. बारडोलीच्या साखर कारखान्यांना ऊस तोडून देणारे मजूर त्यांना भेटले, ते खानदेशातून टोळ्या करून येणारे. बीडच्या ऊसतोड कामगाराला तर हे सांगायलाच नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब कोयत्याचा, माणसाचा नाही. दिवाळीच्या आधी मुकादमाकडून उचल घेतली जाते, ती लग्नात, दवाखान्यात, सावकारात संपते, आणि मग सहा महिने टनाच्या दरानं ती फेडली जाते. या करारात मजुरी किती, व्याज किती आणि बाईच्या श्रमाचं मोल किती? कुठल्याही आलेखावर हे तीन आकडे सुटे होत नाहीत. ब्रेमन यांची पद्धत अर्थतज्ज्ञांना ढिली वाटते. मला वाटतं, त्यांनी पाहिलेलं इतरांनी पाहिलं नसतं तर पुष्कळ मोजमाप चुकीच्या गोष्टीचं झालं असतं.

शहरातही जात अशीच काम करते. कैवान मुन्शी आणि रोझेनझ्वाइग यांनी दादरमधल्या शाळांचा वीस वर्षांचा काळ अभ्यासला. १९९० नंतर इंग्रजी येणाऱ्याला नोकरीत मिळणारा फायदा झपाट्यानं वाढला. तेव्हा कष्टकरी जातींतल्या मुली इंग्रजी माध्यमात वेगानं गेल्या, त्यांचे भाऊ मात्र मराठी माध्यमातच राहिले. कारण मुलांना गिरणीत, गोदीत, कारखान्यात लावून देणारी जातभाईंची साखळी होती. मुलींना ती कधीच मिळाली नव्हती, म्हणून त्यांना अडकवणारंही काही नव्हतं. ज्या आधारानं आजोबांना मुंबईत पाय रोवता आले, तोच नातवाच्या पायात अडकला. मराठी घरांविषयीची इतकी महत्त्वाची गोष्ट मराठीत जवळजवळ चर्चिलीच गेली नाही, याची मला मनापासून खंत आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विद्याशाखेत प्रयोगांची लाट आली. बांगलादेशच्या रंगपूर भागात ‘मोंगा’ नावाच्या उपासमारीच्या हंगामात प्रवासखर्च दिला तर माणसं कामासाठी शहरात जातात का. इथिओपियात कारखान्यातली नोकरी चिठ्ठ्या टाकून दिली तर ती टिकते का. पहिल्याचं उत्तर होकारार्थी आलं. दुसऱ्यात बहुतेकांनी वर्षाच्या आत नोकरी सोडली, कारण काम कष्टाचं आणि तब्येतीला घातक होतं. सगळेच प्रयोग इतके बोलके नसतात आणि प्रयोगाच्या हौसेपायी प्रश्न लहान होतात, ही टीका मला मान्य आहे.

तरीही सुरुवातीचा प्रश्न पुढे सरकला तो याच वाटेनं. सुप्रीत कौर यांनी भारतातल्या जिल्ह्यांची अनेक दशकांची मजुरी आणि पाऊस यांची सांगड घातली. चांगल्या पावसाच्या वर्षी मजुरी चढते; पुढच्या वर्षी पाऊस साधारण झाला तरी ती उतरत नाही, मग काम कमी होतं. दर उतरवणं मजुरांना आणि मालकांनाही अन्याय वाटतं. नंतर त्यांनी एमिली ब्रेझा आणि इतरांबरोबर ओडिशात प्रयोग केला. चालू दरापेक्षा कमी मजुरीचं काम एकट्याला गाठून देऊ केलं तर काहीजण तयार होतात. शेजाऱ्यांसमोर विचारलं तर जवळजवळ कुणीच नाही. तिथं संघटना नाही, झेंडा नाही, सभा नाही, पण दर पाडायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणखी एका प्रयोगात त्यांनी गावांमधल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मजुरांना महिनाभर बाहेरच्या कामावर नेलं. ऐन हंगामात गावातली मजुरी लगेच वाढली. रिकाम्या महिन्यांत मात्र ना मजुरी हलली, ना गावात होणारं एकूण काम घटलं. मागे राहिलेल्यांनी ती जागा भरून काढली. म्हणजे जादा हात असतात, पण वर्षातले काही महिने. लुईस आणि शुल्ट्झ यांच्या वादातलं कोण बरोबर, याचं उत्तर कॅलेंडरवर अवलंबून निघालं.

आज हे सगळं वाचायची निकड आहे, कारण आपण पुन्हा मोजणीच्याच वादात आहोत. नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. ही वाढ मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आणि घरच्या शेतात किंवा धंद्यात विनामोबदला राबणाऱ्यांत आहे. बाई आता जास्त काम करते आहे, की तिचं काम आता नीट विचारलं जातं आहे? की दुसरं काही मिळत नाही म्हणून ती घरच्या शेतात ‘कामावर’ दिसते? ओडिशाचा प्रयोग सांगतो, की रिकाम्या महिन्यांतला बराचसा स्वयंरोजगार म्हणजे न मिळालेल्या मजुरीचंच दुसरं नाव. पुण्या-मुंबईत मोबाइलच्या इशाऱ्यावर डबे आणि पार्सलं पोहोचवणाऱ्या मुलांबाबतही हेच विचारावं लागेल : त्यांचा दर कोण ठरवतं, आणि दर पाडला तर ते एकमेकांच्या नजरेला तरी पडतात का?

या पुस्तकातले लेख एका सुरातले नाहीत. काहींना बाजारावर भरवसा आहे, काहींना नाही. संपादक म्हणून ते मतभेद गुळगुळीत करण्याचा प्रयत्न मी केलेला नाही. प्रत्येक लेखकाला एकच अट घातली होती : सिद्धान्त सांगा, पण तो कोणाच्या कामावरून, कुठल्या गावात किंवा नाक्यावर, काय मोजून काढला हेही सांगा. गणित जिथं टाळता आलं तिथं टाळलं आहे. जिथं टाळलं तर मुद्दाच हरवतो, तिथं ठेवलं आहे आणि वाचकानं तिथं थोडा वेळ द्यावा अशी विनंती आहे. आखाती देशांतलं स्थलांतर आणि बालमजुरी हे दोन मोठे विषय इथं ओझरतेच आले आहेत. त्यांना स्वतंत्र पुस्तकं हवीत. अर्थशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्यांनी इक्रिसॅटच्या गावांवरचा भाग आधी वाचावा आणि मग लुईसकडे वळावं. विद्यार्थ्यांनी उलट क्रम धरावा. आणि जे स्वतः रोजगार हमीवर मस्टर भरतात, कारखान्याच्या शेतकी खात्यात टोळ्यांचे हिशेब ठेवतात, हमाल पंचायतीत किंवा माथाडी मंडळात काम करतात, त्यांनी कुठूनही सुरू करावं. जिथं पुस्तकातलं आणि समोरचं जुळत नाही तिथं खूण करून कळवावं. पुढच्या आवृत्तीत त्या खुणांना स्वतंत्र जागा ठेवायची आहे.